विज्ञानकथा व आधुनिक समाज

विज्ञानातील सिद्धांत, शोध किंवा तंत्र यांचा आधार घेऊन, पण प्रत्यक्षात अद्याप न अवतरलेल्या परिस्थितीची कल्पना करून रचलेली कथा, कादंबरी, नाटक वा चित्रपट म्हणजे विज्ञानकथा. अद्‌भुतकथेत जादू, वर, शाप इत्यादींचे कारण विचारले जात नाही. विज्ञानकथेत मात्र घडलेल्या चमत्काराचे काहीएक कारण द्यावे लागते व ते ज्ञात विज्ञानाशी उघड विसंगत असून चालत नाही. या प्रकाराचे स्वतंत्र नामकरण विसाव्या शतकात झाले. ह्यूगो गर्न्सबॅक याने १९२६ मध्ये अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ अशा कथांना वाहिलेले मासिक सुरू केल्यानंतर तो एक वेगळा वाङ्‌मयप्रकार म्हणून ओळखला जाऊ लागला.

विज्ञानकथा भविष्यकाळाविषयी असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अंशतःच खरा आहे. तिच्यातील काळ पुढचा असला, तरी तिच्यातील चिंता लेखकाच्या स्वतःच्या काळातील असते. नवे यंत्र समाजात आले, की त्यापासून कोणाला लाभ होईल आणि त्याची किंमत कोण मोजील, हा प्रश्न उद्‌भवतो. विज्ञानकथा तो प्रश्न एका काल्पनिक परिस्थितीत नेऊन मोठ्या आकारात दाखविते. या दृष्टीने पाहता तिचे सामाजिक मोल तिने वर्तविलेली भाकिते खरी ठरण्यावर अवलंबून नाही.

उगम : या प्रकाराच्या जन्माशी विणकामाच्या यंत्रांचा निकटचा संबंध आहे. इंग्लंडमध्ये १८११ ते १८१६ या काळात विणकाम करणाऱ्या कारागिरांनी, आपला रोजगार बुडविणारी यंत्रे फोडण्याची चळवळ चालविली होती. या कारागिरांना देहान्त शिक्षा ठोठावणाऱ्या विधेयकाला लॉर्ड बायरन याने १८१२ मध्ये उमराव सभागृहातील आपल्या पहिल्याच भाषणात विरोध केला. पुढे १८१६ च्या उन्हाळ्यात जिनीव्हा सरोवराच्या काठी याच बायरनच्या सहवासात असताना मेरी शेली हिला ‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीची कल्पना सुचली. मनुष्याने स्वतः घडविलेला जीव त्याच्यावरच उलटतो, असे कथानक असलेली ही कादंबरी १८१८ मध्ये प्रसिद्ध झाली. अनेक अभ्यासक तिला पहिली विज्ञानकादंबरी मानतात.

यंत्र व श्रमिक यांच्या संबंधाचे हे सूत्र पुढेही तुटले नाही. एच्. जी. वेल्स याच्या ‘द टाइम मशीन’ (१८९५) या कादंबरीत मानवजातीच्या दोन शाखा झालेल्या दिसतात : एक भूपृष्ठावर आरामात राहणारी व दुसरी भूगर्भात यंत्रे चालविणारी. तत्कालीन इंग्लंडमधील वर्गभेदच येथे लाखो वर्षे पुढे नेला आहे. कारेल चापेक या चेक लेखकाने ‘आर. यू. आर.’ (१९२०) या नाटकात कृत्रिम कामगारांसाठी ‘रोबो’ हा शब्द रूढ केला. तो ज्या चेक शब्दावरून आला, त्याचा अर्थ वेठ किंवा सक्तीचे श्रम असा आहे. आज घरोघरी परिचित झालेल्या या शब्दाच्या मुळाशी वेठबिगारीची कल्पना आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

चित्रपट : फ्रेंच दिग्दर्शक झॉर्झ मेल्येस याचा चंद्रप्रवासावरील लघुपट १९०२ मध्ये प्रदर्शित झाला. त्याचा भर करमणूक व छायाचित्रणातील चमत्कृती यांवर होता. फ्रिट्‌स लांग याच्या ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) या जर्मन मूकपटाने मात्र उत्तुंग इमारतींचे वैभवशाली शहर आणि त्याच्या तळाशी यंत्रांना जुंपलेले कामगार यांचे चित्र उभे केले. इशिरो होंडा याच्या ‘गोजिरा’ (१९५४) या जपानी चित्रपटातील महाकाय प्राणी अणुस्फोटामुळे जागा होतो. त्याच वर्षी मार्च महिन्यात अमेरिकेच्या हायड्रोजन बाँबच्या चाचणीतील किरणोत्सर्गी राख जपानी मच्छीमारांच्या एका बोटीवर पडली होती. त्यामुळे जपानी प्रेक्षकाच्या दृष्टीने तो प्राणी निव्वळ काल्पनिक नव्हता.

वस्त्रोद्योगाच्या संदर्भात ‘द मॅन इन द व्हाइट सूट’ (१९५१) हा ब्रिटिश विनोदी चित्रपट विशेष उल्लेखनीय आहे. त्यातील तरुण रसायनज्ञ कधीही न झिजणारा व न मळणारा धागा तयार करतो. या शोधाचे स्वागत होईल, ही त्याची अपेक्षा फोल ठरते. कापड कधी फाटलेच नाही तर गिरणी कशी चालणार, या चिंतेने मालक आणि कामगार एकत्र येऊन त्याच्या मागे लागतात. त्याच्या घरमालकिणीलाही आपल्या धुण्याच्या कामाचे काय होणार, असा प्रश्न पडतो. एकच शोध निरनिराळ्या थरांतील माणसांना कसा निरनिराळा दिसतो, हे या चित्रपटाने फारसा उपदेश न करता दाखविले आहे.

भारतीय विज्ञानकथा : भारतात हा प्रकार वसाहतकाळातच रुजला. जगदीशचंद्र बोस यांनी १८९६ मध्ये लिहिलेल्या बंगाली कथेत केशतेलाच्या एका बाटलीने समुद्रावरील वादळ शांत होते. पृष्ठताणाचे तत्त्व आणि वेधशाळेच्या फसलेल्या अंदाजाची थट्टा, असे दुहेरी सूत्र तिच्यात आहे. रोकेया सखावत हुसेन यांच्या ‘सुलतानाज ड्रीम’ (१९०५) या इंग्रजी कथेत स्त्रियांचे राज्य असून तेथील विदुषी सूर्याची उष्णता साठवून ती स्वयंपाकासाठी व शत्रूच्या पराभवासाठी वापरतात. पुरुष मात्र पडद्यात राहतात. सौरऊर्जेची ही कल्पना स्त्रीशिक्षणाच्या प्रश्नातून जन्मली आहे.

मराठी विज्ञानकथा : मराठीत प्रारंभ भाषांतराने झाला. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळकोकिळ’ या मासिकातून १९०० च्या सुमारास झ्यूल व्हेर्न याच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे रूपांतर क्रमशः प्रसिद्ध झाले. श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा मराठीतील आरंभीच्या स्वतंत्र विज्ञानकथांत गणली जाते. भा. रा. भागवत यांनी व्हेर्नच्या कादंबऱ्या कुमारवाचकांपर्यंत पोहोचविल्या, तर नारायण धारप (१९२५–२००८) यांनी गूढकथेबरोबर विज्ञानकथाही लिहिली.

या प्रकाराला मराठीत खरी प्रतिष्ठा १९७० नंतर मिळाली. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांच्या स्पर्धा घेण्यास प्रारंभ केला. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने या स्पर्धेकडे पाठविली व तिला पारितोषिक मिळाले. ‘यक्षांची देणगी’ (१९७९) या संग्रहाने त्यांचे नाव घरोघरी झाले. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर इ. लेखकांनी ही परंपरा विस्तारली. नासिक येथे २०२१ मध्ये भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले.

या कथांत मराठी समाजाची ओळखीची रूपे दिसतात. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतील इतिहासाचे प्राध्यापक, पानिपतची तिसरी लढाई मराठ्यांनी जिंकली आहे अशा दुसऱ्याच एका जगात जाऊन पोहोचतात. पुंजभौतिकीतील कल्पना आणि मराठी मनातील जुना सल यांची ही सांगड होय. जावडेकर यांनी ‘आकांत’ या कादंबरीसाठी १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेचा विषय निवडला. कारखान्यातील सुरक्षा आणि कारखान्याबाहेरच्या वस्तीतील माणूस यांचा प्रश्न तिच्यामुळे विज्ञानसाहित्यात आला.

या परंपरेला एक मर्यादाही आहे. तिचे बहुतेक प्रमुख लेखक संशोधक, अभियंते किंवा विज्ञानाचे अध्यापक होते. साहजिकच कथेची नजर पुष्कळदा प्रयोगशाळेतून बाहेर पाहणारी आहे. नायक मुंबई-पुण्याचा शास्त्रज्ञ असतो व संकटाचा उलगडा त्याच्या बुद्धीने होतो. ज्याच्या शेतात, मागावर किंवा घरात ते तंत्र येऊन पोहोचते, तो माणूस कथेत क्वचितच केंद्रस्थानी येतो.

खानदेशातील प्रत्यय : या मर्यादेचा विचार करण्यास खानदेशाचे उदाहरण उपयुक्त आहे. १८१८ मध्ये, म्हणजे ‘फ्रँकेन्स्टाइन’ प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, हा प्रदेश ब्रिटिश अंमलाखाली आला. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे करण्यात आले. तेच पुढे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. कापूस हे या प्रदेशाचे जुने नगदी पीक. त्याच्या आधारावर जळगाव, धुळे, अमळनेर येथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या व कालांतराने बंदही पडल्या.

एका पिढीने पाहिलेले येथील बदल कोणत्याही विज्ञानकथेत शोभतील असे आहेत. अमळनेर येथे १९४५ मध्ये वनस्पती तूप व खाद्यतेल यांच्या उत्पादनासाठी स्थापन झालेल्या कंपनीतूनच पुढे विप्रो ही संगणक व्यवसायातील कंपनी विकसित झाली. जळगाव जिल्ह्यातील केळीच्या बागांत कंदांच्या जोडीला ऊतिसंवर्धनाने तयार केलेली रोपे आली आणि पाटाच्या पाण्याऐवजी ठिबक सिंचनाच्या नळ्या आल्या. जनुकीय बदल केलेल्या बीटी कापसाला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाल्यानंतर कपाशीची शेतेही बदलली. प्रयोगशाळेतील जीवशास्त्र अशा रीतीने बांधापर्यंत आले. परंतु त्या बांधावरून लिहिलेली विज्ञानकथा विरळाच आहे.

सूर्यशक्तीचे उदाहरण अधिक बोलके आहे. रोकेया यांच्या कथेतील कल्पना शंभराहून अधिक वर्षांनी धुळे जिल्ह्यात वास्तवात आली. साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॉट क्षमतेचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. कथेत न येणारी एक गोष्ट मात्र वास्तवात येते, ती म्हणजे जमीन. याच जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील विखरण येथील एका वृद्ध शेतकऱ्याने वीजप्रकल्पासाठी संपादित झालेल्या आपल्या जमिनीचा योग्य मोबदला मिळाला नाही, म्हणून जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील मंत्रालयात विष घेतले व त्यात त्याचा मृत्यू झाला. ऊर्जा स्वच्छ असली, तरी ती ज्या भूमीवर उभी राहते तिच्या मालकीचा प्रश्न सुटलेला नसतो. उद्याच्या ऊर्जेवर लिहिणाऱ्या लेखकाला हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही.

कल्पित आणि वास्तव यांची सर्वांत क्लेशकारक गाठ अपत्यजन्माच्या क्षेत्रात पडलेली दिसते. होणारे मूल मुलगाच असावे, अशी निवड करण्याचे साधन हाती आल्यावर समाज त्याचे काय करील, हा प्रश्न नारळीकरांनी ‘पुत्रवती भव’ या कथेत हाताळला आहे. हे साधन सोनोग्राफीच्या रूपाने तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचण्यास फार काळ लागला नाही. जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलग्यांमागे २००१ च्या जनगणनेत ८८० मुली होत्या. २०११ मध्ये ही संख्या ८४२ वर आली. त्याच काळात संपूर्ण महाराष्ट्राचे प्रमाण ९१३ वरून ८९४ वर उतरले. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा राज्याचा कायदा १९८८ मध्ये व केंद्राचा १९९४ मध्ये झालेला होता. ज्या जिल्ह्यात सिंचन आणि शेतीचे आधुनिक तंत्र अग्रेसर होते, त्याच जिल्ह्यात हे घडले. यंत्र नवे व वृत्ती जुनी असेल, तर यंत्र त्या वृत्तीच्याच सेवेला लागते, हा विज्ञानकथेचा जुना इशारा येथे आकड्यांत उमटला आहे.

मालेगावचा सुपरमॅन : छापील विज्ञानकथेने ज्या माणसाकडे फारसे पाहिले नाही, त्याने स्वतःच कॅमेरा हाती घेतल्याचे उदाहरण याच परिसरात सापडते. धुळ्याच्या दक्षिणेस, मुंबई-आग्रा महामार्गावर वसलेले मालेगाव आज नासिक जिल्ह्यात असले, तरी १८६९ मध्ये तो जिल्हा निर्माण होईपर्यंत ते खानदेशातच मोडत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर भारतातून आलेले विणकर येथे स्थायिक झाले. विसाव्या शतकात हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. दिवसपाळी-रातपाळी चालणारे माग, हवेत तरंगणारे कापसाचे तंतू आणि शुक्रवारच्या सुटीला चित्रपटगृहापुढे लागणारी रांग ही या शहराची ओळख बनली.

व्हिडिओगृह चालविणारे नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ (२०००) हा विडंबनपट स्थानिक कलावंतांना घेऊन अत्यल्प खर्चात तयार केला. सरकत्या चित्रणासाठी सायकल व उंचावरील चित्रणासाठी बैलगाडी, अशी साधने त्यांनी योजली. गावात चित्रपट चांगला चालला व पुढे अशा चित्रपटांची मालिकाच सुरू झाली. त्यांतूनच ‘मालेगाव का सुपरमॅन’ हा चित्रपट निघाला. त्याच्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) हा अनुबोधपट केला. तो पुढे अनेक देशांत दाखविला गेला.

या चित्रपटातील नायकाची भूमिका शफीक शेख या सडपातळ यंत्रमाग कामगाराने केली. मूळ सुपरमॅन परग्रहावरून आलेला, बलदंड व अजिंक्य आहे. मालेगावच्या सुपरमॅनला मात्र गावावरून उडताना तेथील दूषित हवेने दमा लागतो आणि त्याचा खलनायक घाणीचा चाहता आहे. नायकाला उडताना दाखविण्यासाठी हिरव्या कापडापुढे चित्रण करून मागची दृश्ये संगणकावर जोडण्यात आली. तंत्र जगभर वापरले जाणारेच होते. ते भाड्याच्या साधनांनी व घरगुती युक्त्यांनी साधले होते.

हा चित्रपट काटेकोर अर्थाने विज्ञानकथा नाही, असा आक्षेप घेता येईल. तो विडंबनपट आहे आणि त्यातील विज्ञान उसने आहे. तरीही या प्रकाराचे मुख्य कार्य तो पार पाडतो. जेरी सीगल व जो शूस्टर यांनी १९३८ मध्ये निर्माण केलेला सुपरमॅन प्रारंभीच्या एका कथेत मजुरांच्या सुरक्षिततेकडे दुर्लक्ष करणाऱ्या खाणमालकाला धडा शिकवितो. मंदीच्या काळातील अमेरिकन श्रमिकांची ती इच्छापूर्ती होती. पुढे ही व्यक्तिरेखा मोठ्या भांडवलाच्या चित्रपटांत गेली आणि खाणमजूर मागे पडला. मालेगावात ती पुन्हा श्रमिकाच्या अंगावर आली. मागाच्या धुळीत श्वास घेणाऱ्या माणसाला सर्वशक्तिमान नायकाचीही छाती भरून येईल असे वाटणे, यात विनोद आहे आणि आरोग्याविषयीची अचूक तक्रारही आहे. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा विकार वैद्यकाला चांगलाच परिचित आहे.

अनुबोधपटाची चित्रपटगृहांत सर्वत्र प्रसिद्धी होण्यापूर्वीच शफीक शेख यांचे कर्करोगाने निधन झाले. या मंडळींच्या कथेवर आधारलेला, रीमा कागती दिग्दर्शित ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा हिंदी चित्रपट २०२४ मध्ये टोराँटो येथील महोत्सवात दाखविण्यात आला व २०२५ मध्ये भारतात प्रदर्शित झाला. मुंबईच्या चित्रपटांची नक्कल करून सुरू झालेला हा उद्योग अशा रीतीने मुंबईच्याच चित्रपटाचा विषय बनला.

मूल्यमापन : विज्ञानकथेत समाजाचे प्रतिबिंब पडते, असे म्हणताना आरसा कोणाच्या हाती आहे, हेही पाहावे लागते. मराठीतील छापील विज्ञानकथेने वैज्ञानिक दृष्टी, तर्कनिष्ठा आणि मोठ्या संकटांचे भान वाचकाला दिले. हे तिचे कार्य मौलिक आहे व ते मुख्यतः प्रयोगशाळेच्या बाजूने झाले. मालेगावच्या चित्रपटांनी यंत्राच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाची बाजू दाखविली. पण त्यांना विज्ञानाच्या कार्यकारणभावात फारसे स्वारस्य नव्हते. एकाकडे ज्ञान होते व दुसऱ्याकडे अनुभव. बायरन आणि मेरी शेली यांच्या काळात विणकरांचा प्रश्न व विज्ञानाची कल्पना एकाच वातावरणात वावरत होती. मराठीत ही दोन टोके अद्याप दूर आहेत.

संगणकीय बुद्धिमत्ता, जनुकसंपादन आणि हवामानबदल यांमुळे २०२० नंतरच्या काळात विज्ञानकथेचे विषय दैनंदिन व्यवहाराच्या अगदी जवळ आले आहेत. मागावरचे काम पुढे कोणाच्या हाती राहील, केळीच्या बागेला पाणी कोठून येईल, मुलीच्या जन्माचा निर्णय कोण घेईल, हे प्रश्न खानदेशातील घरांत वृत्तपत्राच्या बातम्यांइतकेच ओळखीचे आहेत. त्यांना कथेचे रूप देण्यास प्रयोगशाळेतील काटेकोरपणा आणि मागावरचा अनुभव या दोहोंची गरज आहे.